सही कोणाची?

सेलूहून संभाजीनगर किंवा नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या वाचकांस हा प्रसंग अपरिचित नसेल. तपासणी आटोपलेली असते, परतीच्या गाडीची वेळ होत आलेली असते आणि तेवढ्यात कोणी नम्रपणे सांगते, ‘आजोबा, एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, आपण सहभागी व्हाल का?’ आजोबा मुलाकडे पाहतात. मुलगा घड्याळाकडे पाहतो आणि खिशातून पेन काढतो.

आपल्या भाषेतील एका शब्दाने येथे घोटाळा होतो. रक्ताची चाचणी म्हणजे तपासणी. नव्या औषधाची चाचणी म्हणजे प्रयोग. तो आजोबांच्या उपयोगी पडेल किंवा पडणारही नाही. जुने औषध कोणाला आणि नवे कोणाला, हे पुष्कळदा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. डॉक्टरांनाही ते ठाऊक नसते.

कागद पुढे करणारी व्यक्ती बहुधा चाचणीची समन्वयक असते. औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, आयुर्वेद किंवा दंतवैद्यक यांतील पदवीनंतर चाचणी-व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन अनेक तरुण या कामात येतात. (आपली नात असे काही शिकत असेल, तर ‘म्हणजे नेमके काय करणार?’ असे विचारून तिला हिणवू नये.) औषधाचा साठा ठरलेल्या तापमानात ठेवणे, प्रत्येक नोंद तपासून घेणे, पुढील भेटीची आठवण देणे, हे सारे त्यांच्या अभ्यासात असते. पण आपल्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोलाचा पाठ संमतीचा.

१९ मार्च २०१९ रोजी अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनुसार माहितीपत्रक रुग्णास समजेल अशा भाषेत हवे. वाचता येत नसेल, तर संमती घेताना तटस्थ साक्षीदार उपस्थित हवा. आणि रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असेल, तर सही किंवा अंगठा त्याचाच. मुलाची सही तेथे चालत नाही. ती चालते, रुग्ण शुद्धीवर नसेल किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजाराने त्यास निर्णयच घेता येत नसेल तेव्हा. नीट शिकलेली समन्वयक त्या मुलाचा हात थांबवते आणि आजोबांकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागते. मुलाला हा अपमान वाटतो, हे मी पाहिले आहे. आजोबांना मात्र कित्येक दिवसांनी कोणी आपल्यालाच काही विचारले, असे वाटते.

वृद्धांना चाचण्यांत घेणे आवश्यकही आहे. औषधे अधिक घेतात वृद्ध आणि वयाच्या अटीमुळे चाचण्यांतून वगळले जातात तेही वृद्धच. या उणिवेची दखल घेऊन १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आखली गेली. तेव्हा नकार द्यावाच, असे माझे म्हणणे नाही.

गाडी चुकली तरी चालेल, पण आपण चार प्रश्न विचारावेत. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक कोणता? (१५ जून २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे, नातवंडे तो मोबाइलवर पडताळू शकतील.) प्रवासखर्च मिळेल काय? रात्री त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा? मध्येच सोडायचे ठरवले, तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच असावयास हवे.

‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणण्यासही पूर्ण मुभा आहे. सही केलीच, तर संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी आणि औषधांच्या पिशवीत वरच ठेवावी, म्हणजे सेलूतील आपल्या डॉक्टरांनाही ती दाखवता येईल.