साहेब ‘नाही’ म्हणाले!

ऑफिसात ‘नेटवर्किंग’ या शब्दाचा उदो उदो सुरू झाला की मला जॉन लेटन स्टुअर्ट आठवतो. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही. चीनमध्ये मात्र शाळेतल्या पोरांनी हे नाव वर्षानुवर्षं घोकलंय, कारण खुद्द माओने त्याच्यावर एक लेख लिहिला आणि तो पाठ्यपुस्तकात गेला. लेख कौतुकाचा नव्हता, हे सांगायला नको.

आधी बायोडेटा बघा. जन्म १८७६, हांगझोऊ. आईवडील अमेरिकन मिशनरी. घरात इंग्रजी, घराबाहेर हांगझोऊची बोली. अकराव्या वर्षी शिकण्यासाठी अलाबामातल्या नातेवाइकांकडे रवानगी झाली. तिथे त्याचे जुनाट कपडे आणि त्याहून जुनाट इंग्रजी यांवरून पोरांनी त्याची यथेच्छ टर उडवली. म्हणजे चीनमध्ये गोरा आणि अमेरिकेत चिनी! मिशनरी व्हायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. रस्त्याकडेच्या प्रार्थनाघरात जमलेल्या बघ्यांपुढे प्रवचनं झोडणं आपल्याच्याने होणार नाही, असं त्याला वाटे. तरी झालाच. १९०४ मध्ये लग्न करून, बायको अ‍ॅलिनला घेऊन तो चीनला परतला. पुढे नानजिंगच्या धर्मशास्त्र विद्यालयात ग्रीक शिकवू लागला आणि तिथे चक्क रमला.

अशा सेट झालेल्या माणसाला १९१९ मध्ये नवी ऑफर आली. बीजिंगमधली मिशनरी कॉलेजं एकत्र करून एक विद्यापीठ काढायचं होतं आणि त्याचा अध्यक्ष हवा होता. आपल्याकडे दोन कंपन्यांचं मर्जर झालं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. इथेही तेच. नाव कोणाचं राहणार यावरून जुनी मंडळी हमरीतुमरीवर आलेली, विद्यार्थी शंभराच्या आत आणि तिजोरीत खडखडाट. स्टुअर्टने अट घातली की पैसे गोळा करण्याचं काम माझ्याकडे नको. अट मान्य झाली. पुढची कित्येक वर्षं तो अमेरिकेच्या वाऱ्या करत पैसेच गोळा करत होता! (जॉइन होताना एचआरने दिलेलं जॉब डिस्क्रिप्शन आठवा.)

पण केलं मात्र झोकात. एका जुन्या राजेशाही बागेची जागा शान्शीच्या लष्करशहाकडे होती. स्टुअर्ट थेट त्यालाच जाऊन भेटला. जागा तर मिळालीच, वर किमतीतला काही हिस्सा पठ्ठ्याने शिष्यवृत्त्यांसाठी परतही देऊ केला. त्या जागेवर चिनी धाटणीच्या इमारती उभ्या राहिल्या. पाण्याची टाकीसुद्धा पॅगोडाच्या रूपात लपवलेली! अ‍ॅल्युमिनियमच्या पैशावर गब्बर झालेल्या चार्ल्स मार्टिन हॉलच्या इस्टेटीतून निधी आला आणि १९२८ मध्ये थेट हार्वर्डशी जोडलेली संस्था उभी राहिली. विद्यापीठाचं नाव येनचिंग. मिशनऱ्यांचं असूनही तिथे प्रार्थनेला जाण्याची सक्ती त्याने काढून टाकली. जपानने मांचुरिया गिळला तेव्हा, १९३१ मध्ये, तो विद्यार्थ्यांच्या मोर्चात पुढे होता. पर्ल हार्बरनंतर जपान्यांनी त्याला पकडलं, ते १९४५ पर्यंत सोडलं नाही. अ‍ॅलिन १९२६ मध्येच गेली होती. तिला येनचिंगच्या आवारातच पुरलं होतं.

इथवरच गोष्ट थांबली असती तर स्टुअर्ट आज फक्त पुतळ्यापुरता उरला असता. पण १९४६ मध्ये सत्तरी गाठलेल्या या प्राध्यापकाला अमेरिकेने चीनमध्ये राजदूत नेमलं. लॉजिक सरळ होतं. च्यांग कै-शेक त्याला मानतो, कम्युनिस्टांमध्ये त्याचे विद्यार्थी आहेत, भाषा तो जन्मापासून बोलतो. भांडण मिटवायला याच्याहून भारी माणूस कुठला? माझ्या मते घोळ इथेच आहे. पंचवीस वर्षं दारं उघडत होती ती ‘आपल्या स्टुअर्ट सरां’साठी. खुर्ची बदलली आणि समोरच्याला सर दिसायचे बंद झाले, दिसू लागली ती च्यांगला पैसा आणि शस्त्रं पुरवणारी अमेरिका. माणूस तोच, कार्ड दुसरं.

एप्रिल १९४९ मध्ये नानजिंग कम्युनिस्टांच्या हाती पडलं. स्टुअर्ट मुद्दाम मागे थांबला. एका सकाळी लाल सैनिक सरळ त्याच्या बेडरूममध्ये घुसले. आणि मग शहराचं परराष्ट्र खातं सांभाळायला नवा अधिकारी आला, ह्वांग ह्वा. येनचिंगचाच माजी विद्यार्थी! सर आणि विद्यार्थी भेटले, बोलले. जूनअखेरीस ह्वांगने निरोप आणला की सरांना बीजिंगला येऊन येनचिंगला भेट द्यायची असेल तर माओ आणि चौ एन-लाय यांच्याकडून स्वागतच होईल.

विचार करा. ज्या एका भेटीसाठी हे पद होतं, ती दारात येऊन उभी. स्टुअर्टने वॉशिंग्टनला तार केली. परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन यांचं उत्तर आलं, कुठल्याही परिस्थितीत जायचं नाही. आणि तो गेला नाही.

या ‘नाही’वर इतिहासकार अजून भांडतात. तो गेला असता तर अमेरिका आणि चीन यांच्यातली पुढची वीसेक वर्षांची अबोल्याची भिंत टळली असती, असं काहींना वाटतं. माओचा कल तेव्हाच रशियाकडे ठरला होता, भेटीने काहीच फरक पडला नसता, असं दुसरे म्हणतात. मला दुसऱ्यांचं पटतं. तरीही त्या म्हाताऱ्याने विचारायलाच नको होतं, असं मनात येतंच. परवानगी मागितली की नकार देणं वरच्यांना फार सोपं जातं.

ऑगस्टमध्ये तो चीनमधून निघाला आणि लगेच माओचा लेख आला. शीर्षकातच स्टुअर्टला निरोप. स्टुअर्ट म्हणजे अमेरिकेच्या चीन धोरणाच्या संपूर्ण पराभवाचं प्रतीक, असं माओने ठोकून दिलं. त्याच वर्षी स्टुअर्टला अर्धांगाचा झटका आला. पुढची तेरा वर्षं त्याला सांभाळलं ते त्याचा माजी विद्यार्थी आणि सेक्रेटरी फिलिप फू याच्या कुटुंबाने, वॉशिंग्टनमधल्या घरात. १९५२ मध्ये येनचिंग मोडीत निघालं आणि त्या आवारात पेकिंग विद्यापीठ आलं. १९६२ मध्ये स्टुअर्ट गेला. त्याची इच्छा एकच होती, येनचिंगमध्ये अ‍ॅलिनच्या शेजारी जागा मिळावी.

अस्थी फू कुटुंबाच्या घरीच राहिल्या. वडिलांच्या मागे मुलगा जॉन फू याने पिच्छा सोडला नाही. हा अमेरिकन सैन्यात मेजर जनरल झालेला. शेवटी त्याने हा विषय झेजियांग प्रांताचे पक्षप्रमुख अमेरिकेत आले असताना त्यांच्यापुढे मांडला. त्यांचं नाव शी जिनपिंग. येनचिंगची जागा काही मिळाली नाही, पण हांगझोऊला होकार आला. नोव्हेंबर २००८ मध्ये, मृत्यूनंतर ४६ वर्षांनी, अस्थी जन्मगावी पोचल्या. अ‍ॅलिनपासून हजारावर किलोमीटर लांब.

दगडावर त्याचं नाव, १८७६–१९६२ ही वर्षं आणि हुद्दा एकच कोरलाय : येनचिंग विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. राजदूतपदाचा उल्लेख नाही.