शार्कचे शेजारी

दर दिवाळीला या सदरात मी कुणा ना कुणा पाहुण्याची कैफियत मांडत असतो. यंदाचा पाहुणा चार इंचांचा असून त्याचे नाव शार्क आहे. वाचकांनी दचकू नये. समुद्रातल्या शार्कशी त्याचे नाते केवळ आडनावापुरते. पाठीवरचा त्रिकोणी पर काय तो सारखा. बाकी मासा कार्प कुळातला, म्हणजे बाजारातल्या रोहूचा भाऊबंद. ह्यू स्मिथ या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाने १९३१ साली सयाममधल्या या माशाची शास्त्रात नोंद केली, तेव्हा त्याला रोहूच्याच प्रजातीत बसवले होते. अंग मखमली काळे आणि शेपटी कुंकवासारखी लाल. रूपावर कुणीही भाळावे.

आमचे चिरंजीव भाळले. ते आठवीत आहेत. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी पोटाशी धरून त्यांनी हा पाहुणा पुण्याहून लोकलने घोरावाडीस आणला. आकुर्डीपर्यंत निम्म्या डब्याने त्याची विचारपूस केली, आणि देहूरोडला उतरता उतरता एका गृहस्थांनी “चावतो का हो?” अशी माझ्याकडे पाहून पृच्छा केली.

घरी दोन फुटी काचेची पेटी होती आणि तीत दोन गोल्डफिश सुखाने नांदत होते. शार्कने एका दगडाखालची कपार बळकावली आणि तो दिवसभर तिथे बसून राहू लागला. आमच्या आईची खुर्ची पेटीसमोरच असते. वडील गेल्यापासून ती आमच्याकडे आहे. दोन-चार दिवस पाहून ती म्हणाली, “एकटा पडलाय रे बिचारा. त्याच्या जातीचं कुणीतरी आणून दे.”

मला ते पटले. आईचे बोलणे केवळ माशाविषयी नव्हते, हेही मला कळत होते. म्हणूनच बहुधा अधिक विचार न करता मी दुसऱ्याच दिवशी कॉलेजातून परतताना तसाच दुसरा मासा घेऊन आलो. दुकानदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, “राहतील की, सर.”

ते तीन दिवस राहिले. चौथ्या दिवशी सकाळी नवा मासा पेटीच्या कोपऱ्यात आडवा पडलेला दिसला. परांच्या चिंध्या झाल्या होत्या. चिरंजीवांनी त्याला जास्वंदीखाली पुरले आणि दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मारणारा मासा त्यांनी आणला होता, पण मरणारा मी आणला होता.

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. मराठीचा माणूस त्यांच्याकडे सहसा फिरकत नाही. मी गेलो आणि सारी हकिगत सांगितली. ते म्हणाले, “अहो, त्याला सोबत नको असते असं नाही. त्याला त्याच्यासारखा नको असतो.”

जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला त्यांचे पुढचे विवेचन ऐकताच उमगले. पाण्यालाही मजले असतात. हा शार्क तळमजल्याचा भाडेकरू. तळाचा दगड, तिथले शेवाळ, तिथली कपार, सारे त्याच्या मालकीचे. तळाशी वावरणारा, त्याच्याच घाटाचा किंवा लाल शेपटीचा दुसरा मासा दिसला की त्याला वाटते, आपल्या खोलीत कुणीतरी घुसले. म्हणून एका पेटीत असा एकच ठेवायचा. ‘रेनबो शार्क’ म्हणून विकतात तोही जोडीला नको, आणि तळाशी अन्न शोधणारे लोच मासेही नकोत. वरचे आणि मधले मजले मात्र खुशाल भाड्याने द्यावेत. परंतु भाडेकरू चपळ हवेत आणि टोळीने राहणारे हवेत. आपल्याच देशातला झेब्रा डॅनिओ सहा-आठच्या थव्याने सोडावा, किंवा टायगर बार्ब. एंजल, गप्पी असले लांब पदरांचे संथ मासे त्याच्यापुढे टिकत नाहीत. गोल्डफिशला तर पाणीच निराळे लागते, शार्कहून थंड.

शिवाय दोन फुटांत चार इंचांचा मासा कोंडला तर तो भांडणार नाही तर काय करील? हा वाढून पाच-सहा इंचांचा होतो, त्याला चार फुटी पेटी हवी. दगड असे रचावेत की एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा दिसू नये. शार्कला सगळ्यांत शेवटी आत सोडावे. आधीच येऊन बसला असेल तर नवे मासे सोडण्यापूर्वी दगड हलवावेत, म्हणजे जुनी मालकी मोडते आणि सगळेच नवे भाडेकरू ठरतात. (दुकानात याच आडनावाचा एक चंदेरी, गोजिरवाणा मासा मिळतो. त्याला भुलू नये. तो पंगस, वाढला तर तीन-चार फूट होतो.)

घरी येऊन मी हे सांगितले, तर चिरंजीवांनी वेगळाच बेत केलेला. “बाबा, आपण त्याला इंद्रायणीत सोडू. इंदुरीला जाऊ. तिथं त्याला हवी तेवढी जागा मिळेल.” सौभाग्यवतींनाही तो बेत पसंत होता, कारण चार फुटी पेटीचा दर तिने विचारून ठेवला होता. खरे सांगायचे तर मीही स्कूटरची किल्ली शोधू लागलो होतो.

तेवढ्यात प्राध्यापकांनी निघताना सांगितलेली लोणावळ्याची गोष्ट आठवली. आपल्या नद्यांतला महसीर नाहीसा होऊ लागला म्हणून लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास सुरू केली. ही जात आपल्याच घरची. कर्नल साइक्सने १८३९ साली तिचे वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. काम मोठे, हेतू निर्मळ. १९७० च्या दशकात इथली पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा एक पाठीवर उंचवट्याचा प्रचंड महसीर होता. आमच्याकडची मंडळी तिथे फोफावली आणि तो हटत गेला. त्याचे शास्त्रीय नाव निश्चित झाले २०१८ साली, आणि त्याच सुमारास त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली. महसीरच्या शेजारी महसीरच सोडला होता! आईचा सल्ला आणि माझी खरेदी याहून फार वेगळे काय होते?

“मग त्याच्या स्वतःच्या नदीत सोडू,” चिरंजीव म्हणाले. ती नदी थायलंडात, आणि तिथे हा मासा जवळजवळ उरलेला नाही. दुकानात येतात ते शेततळ्यांत वाढवलेले. हे ऐकून ते बराच वेळ पेटीकडे पाहत राहिले.

गोल्डफिश शेजारच्या बिऱ्हाडी गेले. चार फुटी पेटी आली, तिच्यासाठी माझे पुस्तकांचे कपाट व्हरांड्यात गेले. पाणी दोन दिवस साठवून मग भरले, दगड चिरंजीवांनी रचले, आठ डॅनिओ आधी सोडले आणि शार्क शेवटी. डॅनिओ वरच्या मजल्यावर दिवसभर धावतात. शार्क एखादे वेळी उसळून वर जातो, ते पांगतात, पुन्हा जमतात. कुणाचे पर फाटलेले नाहीत.

आईची खुर्ची आता नव्या पेटीसमोर आहे. परवा ती म्हणाली, “तुझं कपाट गेलंच आहे व्हरांड्यात, तर माझी खुर्चीही दुपारची तिथं ठेवत जा. जोशीकाकू येतात बोलायला. हा इथे आपला आहे बरा.”