निवेदन : दहावीच्या मराठीत न शिकवलेली कविताही विचारावी

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

विषय : मराठी (प्रथम भाषा) कृतिपत्रिकेतील आकलन व रसग्रहण या घटकांत बदल करण्याबाबत

महोदय,

आम्ही नववी-दहावीला कुमारभारती शिकवणारे शिक्षक आहोत. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा घोकंपट्टी थांबेल या आशेने आम्ही तिचे मनापासून स्वागत केले. नेमून दिलेली प्रश्नोत्तरे पाठ करणे खरोखरच कमी झाले. पण मुले वाचू लागली का, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून होकारार्थी देता येत नाही.

80 गुणांच्या लेखी परीक्षेत गद्याला 18 गुण आहेत. त्यांपैकी 14 पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना आणि अवघे 4 अपठित उताऱ्याला. पद्याच्या 16 गुणांत अपठित कविता नाहीच. रसग्रहणाच्या ओळीही शिकवलेल्या कवितांमधल्याच असतात. त्यामुळे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तिन्ही मुद्द्यांची तयार वाक्ये मुले जूनपासूनच वहीत उतरवून घेतात. यमकामुळे नादमाधुर्य आले आहे, हे वाक्य मुक्तछंदातल्या कवितेखालीही आम्ही तपासताना वाचले आहे. त्या मुलाला यमकाची व्याख्या येते, पण समोरच्या ओळींत ते आहे की नाही हे पाहण्याची गरजच त्याला कधी पडलेली नाही.

गद्याचेही तेच. समजा उताऱ्यात एवढेच आहे : ‘आजीने पत्र पुन्हा वाचले, घडी घालून पदराच्या गाठीला बांधले आणि काही न बोलता चूल पेटवायला उठली.’ आजीने पत्र कोठे बांधले, असे विचारले की मूल ‘बांधले’ या शब्दावर बोट ठेवते, मागचे दोन शब्द उचलते आणि चौकट भरते. उतारा न समजताही गुण मिळतो. याउलट, पत्रातली बातमी कशी असावी आणि ते कोणत्या शब्दांवरून वाटते, असे विचारले तर त्याला ‘पुन्हा’पाशी थांबावे लागते, ‘काही न बोलता’चा अर्थ लावावा लागतो. हा निवेदक आजीच्या मनात शिरत नाही, फक्त तिच्या हालचाली दाखवतो, हेही मग बोलता बोलता लक्षात येते. निवेदक, पात्र, वातावरण या संज्ञा अशा वाचनातून आल्या तरच त्यांचा उपयोग आहे. व्याख्या लिहून देऊन त्या येत नाहीत.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, रसग्रहणाच्या 4 गुणांसाठी पाठ्यपुस्तकातल्या ओळींना पर्याय म्हणून आठ-दहा ओळींची एक अपठित कविता कृतिपत्रिकेतच छापावी. पहिली काही वर्षे हा पर्याय ऐच्छिक ठेवावा. त्याचबरोबर, दोन पठित उताऱ्यांपैकी एकाच्या जागी अपठित कथेचा अंश द्यावा आणि त्यावर किमान एक कृती अशी असावी, जिचे उत्तर उताऱ्यातून जसेच्या तसे उचलता येणार नाही.

यातून निकाल घसरेल, ही भीती आम्हाला ठाऊक आहे. घरी भिली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांवर अन्याय होऊ नये, ही काळजी तर आमचीही आहे. त्यासाठी अपठित मजकुराखाली अवघड शब्दांचे अर्थ द्यावेत आणि नमुना कृतिपत्रिका शाळा सुरू होतानाच मिळाव्यात. मात्र याच मुलांना गाइड आणि क्लास सर्वांत कमी परवडतात. पाठांतराला गुण देणारी परीक्षा त्यांच्या बाजूची आहे, असे आम्हाला वाटत नाही.

शेवटची मागणी नियामक व परीक्षकांच्या सूचनांविषयी आहे. आदर्श उत्तराशी न जुळणारे, पण मजकुरातल्या शब्दांचा आधार दाखवणारे उत्तर पूर्ण गुणांस पात्र आहे, असे या सूचनांत स्पष्ट लिहावे. आज अशा उत्तराचे गुण परीक्षक कोण आहे यावर ठरतात. म्हणूनच आम्हीही वर्गात ‘तुला काय वाटते ते लिही’ असे म्हणायला कचरतो.

अपठित कविता, कथांश आणि त्यांवरील कृतींचे काही नमुने आम्ही तयार केले आहेत. ते अभ्यास मंडळासमोर मांडण्यासाठी आम्हाला वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
माध्यमिक शाळांतील मराठी विषयशिक्षक