दोहदाचे झाड आणि अर्थाची घाई

श्रावण शुद्ध पंचमीच्या सकाळी, मनमाड रस्त्यावरून नागापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे पहिल्या पाळीच्या कामगारांची वर्दळ सुरू होण्यापूर्वीच, आमची आजी पाट धुऊन-पुसून दाराशी बसे आणि उगाळलेल्या गंधात काडी बुडवून त्या पाटावर नाग काढू लागे. प्रथम शेपटीचे वेटोळे, मग वर चढत जाणाऱ्या दोन रेषांची काया, आणि सर्वांत शेवटी, श्वास रोखून, फणा व फण्यावरचा दहाचा आकडा. काडीतले गंध संपून रेष मध्येच तुटली तर ती पुसून पुन्हा काढण्याचा तिचा शिरस्ता नव्हता; तुटल्या जागी एक ठिपका ठेवून ती पुढे जाई, आणि पाट वाळला म्हणजे ते ठिपके त्या नागाच्या अंगावरचे खवलेच वाटत. या चित्राचा अर्थ काय, असे तिला कोणी विचारले नाही, कारण तो सर्वांना ठाऊक होता. नाग तिचा भाऊ होता. आदल्या दिवशी भावासाठी तिने उपास धरलेला असे. पंचमीच्या दिवशी घरात विळी उचलली जात नसे, तवा चुलीवर चढत नसे, रानात नांगर चालत नसे, आणि लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवून झाल्यावर आम्हां मुलांच्या वाट्याला उकडलेली पुरणाची दिंडे येत.

पुढे चित्रकलेवरचे ग्रंथ हाती आले, तेव्हा त्यांत सर्पाची निराळीच नोंद आढळली. सर्प म्हणजे दडपलेली वासना. कात टाकतो म्हणून पुनर्जन्म. स्वतःची शेपटी गिळतो म्हणून अनंतत्व. यांतील एकही अर्थ सर्वस्वी खोटा आहे असे माझे म्हणणे नाही, आणि ज्यांनी ते शोधले त्यांच्या व्यासंगाविषयी माझ्या मनात आदरच आहे; परंतु आजीच्या पाटावरचा नाग त्या नोंदीत कोठेच बसत नव्हता, कारण तीत भाऊ नव्हता, आणि ज्याच्यावाचून ते चित्र काढलेच गेले नसते तो अर्थ वगळून उरलेले सगळे अर्थ लावण्यात काय साधते, हे मला तेव्हाही उमगले नाही आणि आजही उमगत नाही.

हे आठवण्याचे कारण असे, की मध्यंतरी आमच्याच नगर जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनात एका तरुण चित्रकाराचे चित्र पाहण्याचा योग आला. कोरड्या विहिरीच्या तळाशी एक पेटलेला कंदील, आणि विहिरीच्या तोंडावर, आकाशातून कोणीतरी टांगावी तशी, चाके वर करून लोंबणारी बैलगाडी. चित्र चांगले होते. विहिरीच्या दगडांचे सांधे त्याने इतक्या प्रेमाने रंगविले होते की हात लावावासा वाटे. परंतु चौकटीखाली एक कागद डकविलेला होता, आणि त्यावर लिहिले होते: विहीर म्हणजे अबोध मन, कंदील म्हणजे आत्मज्ञान, बैलगाडी म्हणजे परंपरा. येणारा प्रेक्षक तो कागद वाची, मान डोलावी आणि पुढच्या चित्राकडे वळे. मी तेथे बराच वेळ उभा होतो. तेवढ्या वेळात कागद वाचून झाल्यावर पुन्हा चित्राकडे पाहणारा एकही मनुष्य मला दिसला नाही. ज्या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला, जेथे चैत्र-वैशाखात विहिरीत डोकावून पाहणे ही घरोघरची चिंता असते, तेथल्या माणसांना कोरड्या विहिरीचा अर्थ सांगण्यासाठी अबोध मनाला साक्षीस बोलावण्याची गरज पडावी, याचे मला फार वाईट वाटले. त्या कागदाने चित्रातली विहीरच बुजवून टाकली होती.

दोष त्या तरुणाचा नाही. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न आपण चित्रकाराला इतक्या उतावीळपणे विचारतो, की बिचारा चित्राची कैफियत आधीच लेखी तयार करून ठेवतो. आणि कल्पनाचित्र किंवा अतिवास्तववादी चित्र असले म्हणजे तर ही घाई अनावर होते. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ याने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्याचा सारा रोख तर्काच्या मुखत्यारीतून मनाला मोकळे करण्यावर, स्वप्नाला जागेपणाइतकाच मान देण्यावर होता. आणि आपण त्याच चित्रांपुढे उभे राहून प्रत्येक वस्तूपुढे तिचा अर्थ लिहून दप्तर बांधायला बसतो. साल्व्हादोर दाली याच्या १९३१ च्या चित्रातली ती वितळून ओघळणारी घड्याळे पाहून विद्वानांना आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आठवला; खुद्द चित्रकाराने मात्र उन्हात पाघळणाऱ्या चीजकडे बोट दाखविले. रने माग्रीत तर आपल्या चित्रांतल्या वस्तूंना प्रतीके म्हणण्यासच हरकत घेत असे. चित्रकाराचा शब्द अखेरचा मानावा असे मी म्हणणार नाही, कारण स्वप्न पाहणाऱ्यालाच स्वप्नाचा अर्थ कळतो असे नाही. पण त्याची जबानी न ऐकताच निवाडा देऊ नये, एवढे तरी न्यायाला धरून आहे.

या घाईने केवढा प्रमाद घडू शकतो, याचा एक दाखला मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९१० साली सिग्मंड फ्रॉइडने लिओनार्दो दा व्हिन्चीच्या बालपणाच्या एका आठवणीवर एक निबंध लिहिला. पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि आपल्या शेपटीने त्याने माझे ओठ उघडले, अशी ती आठवण. फ्रॉइडसमोर जे जर्मन भाषांतर होते त्यात त्या पक्ष्याला गिधाड म्हटले होते. गिधाडावरून फ्रॉइड इजिप्तच्या मूत नामक मातृदेवतेकडे गेला, तेथून लिओनार्दोच्या आईकडे, आणि तेथून त्याच्या चित्रांतल्या स्त्रियांच्या गूढ स्मिताकडे. १९१३ मध्ये ऑस्कर फिस्टर या त्याच्या अनुयायाला तर लूव्ह्र संग्रहालयातल्या संत ॲन, कुमारी माता आणि बालक यांच्या चित्रात, मातेच्या वस्त्राच्या घड्यांमध्ये, त्या गिधाडाची साक्षात आकृतीही दिसली! मूळ इटालियन वहीत शब्द होता 'निब्बिओ', म्हणजे घार. भाषांतराची एक चूक झाली, आणि जे गिधाड लिओनार्दोच्या पाळण्याजवळ कधी आलेच नव्हते ते त्याच्या चित्रात पंख पसरून बसले. ज्याला जे शोधायचे असते ते त्याला वस्त्राच्या घडीतही सापडते.

आणि यातली जी गोष्ट माझ्या मनाला सर्वांत अधिक लागते ती वेगळीच आहे. घार म्हटली की आपल्या मनात कोण उभे राहते? उंच आभाळात घिरट्या घालताना जिचा जीव घरट्यातल्या पिलांत गुंतलेला असतो ती माता. पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांतून आणि अभंगांतून हे आपल्या कानांवर पडत आले आहे. म्हणजे मातेचा आदिबंध (आर्किटाइप) शोधण्यासाठी इजिप्तच्या गिधाडापर्यंत जाण्याचे मराठी माणसाला कारण नव्हते. खरा पक्षीच त्याच्यापुढे आईला घेऊन आला असता. अर्थात लिओनार्दोच्या घारीला आपल्या कीर्तनातली घार समजणे हीदेखील त्याच जातीची चूक ठरेल. लिओनार्दोला त्या पक्ष्याची आठवण झाली ती पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करताना, हवेत शेपटी कशी वळते याची टिपणे घेताना. तो धागा त्याच्या वह्यांत आहे, आणि त्याच्या घारीचा अर्थ प्रथम तेथे शोधला पाहिजे.

मग आदिबंध ही कल्पनाच टाकाऊ समजावी काय? मला तसे वाटत नाही. ज्या युंगच्या नावावर ही कल्पना प्रसिद्ध आहे, त्याने स्वतःच आदिबंधाला स्फटिकाच्या अक्ष-रचनेची उपमा दिली होती: द्रवात ती कोठे दिसत नाही, परंतु स्फटिक बांधला जाऊ लागला म्हणजे त्याचे कोन आणि बाजू तिच्या अनुरोधाने ठरतात. याचा अर्थ असा की आदिबंध हा साचा आहे, रिकामा. त्यात द्रव्य ओतले जाते ते त्या त्या भूमीचे, त्या त्या भाषेचे, त्या त्या माणसाच्या आयुष्याचे. युंगचे नाव घेऊन चित्रांवर अर्थाची चिठ्ठी डकविणारे लोक साच्यालाच द्रव्य समजतात, अशी माझी तक्रार आहे.

आपल्या प्रभाकर बरव्यांनी हा विवेक चित्रांतून आणि लेखणीतून, दोन्हींकडून राखला. अलिबागजवळच्या नागाव येथे १९३६ साली जन्मलेला हा चित्रकार बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीस असताना तंत्रमार्गाच्या आकृत्यांकडे ओढला गेला. बिंदू, त्रिकोण, यंत्र, असा शतकांचा अर्थ अंगावर वागवणारा प्रतीकांचा तयार साठा त्याला तेथे लाभला. पुढे मात्र तो साठा मागे पडत गेला, आणि त्याच्या कॅनव्हासवर एनॅमलच्या सपाट, शांत रंगांत घड्याळ, पान, शिंपला, ढग अशा साध्या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून वावरू लागल्या. त्या पानाचा अर्थ कोशात मिळत नाही. ते पान ढगापासून किती दूर आहे, त्याची सावली कोणीकडे पडली आहे, मधली रिकामी जागा किती आहे, हे डोळे भरून पाहिल्यावाचून तो हाती लागत नाही. १९९० साली निघालेल्या 'कोरा कॅनव्हास' या त्यांच्या पुस्तकात वस्तू आणि अवकाश यांच्या नात्याचा जो शोध आहे, तो प्रतीकांच्या यादीपेक्षा नवशिक्या प्रेक्षकाला शतपटींनी उपयोगी पडेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पण बरव्यांपर्यंत तरी का जावे? आमच्या नगरचेच एक चित्र आहे, साडेचारशे वर्षांपूर्वीचे. नगरचा सुलतान हुसेन निजामशहा, ज्याच्या फौजा १५६५ साली विजयनगरच्या विरुद्ध रणांगणात उतरल्या, त्याच्या स्तुतिपर आफताबी नावाच्या कवीने फारसीत एक काव्य रचले: 'तारीफ-इ-हुसेनशाही'. त्याची सचित्र पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातील बारा चित्रे शिल्लक आहेत, आणि दख्खनच्या चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही तिच्याशिवाय आरंभ करता येत नाही. या चित्रांपैकी एकात एक स्त्री झाडाला स्पर्श करते आहे आणि त्या स्पर्शाने झाड फुलून आले आहे.

हे चित्र एखाद्या परदेशी प्रतीककोशाच्या आधारे वाचले तर 'जीवनवृक्ष' एवढे उत्तर मिळेल आणि माणूस समाधानाने पुढे जाईल. आपल्याकडे मात्र या कल्पनेला नाव आहे: दोहद. सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाल्यावाचून अशोक फुलत नाही, हा संकेत कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त कथानकाचा धागाच होऊन बसला आहे. आणि तोच दोहद शब्द झिजत झिजत आपल्या घरात येऊन 'डोहाळे' झाला आहे. झाडाला फुलण्याची जी आस, तीच गर्भिणीच्या जिभेवरची आस. सातव्या महिन्यात सुनेला हिरवे लुगडे नेसवून, फुलांची वाडी भरून झोपाळ्यावर बसवितात, तेव्हा नगरच्या शाही चित्रशाळेतल्या त्या झाडाशी आपले नाते आहे हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? फारसी काव्य, मुसलमान सुलतान, संस्कृत संकेत, आणि अर्थाची किल्ली मराठी स्वयंपाकघरात. असे चित्र पाहताना मला आपल्या भाषेचा जो अभिमान वाटतो तो मी लपवू इच्छीत नाही.

याच पोथीच्या काही चित्रांत दुसरा एक धडा आहे. तेथे राजाशेजारी राणीच्या जागी पुसट, रंग फासलेला डाग उरला आहे. ज्याला इतिहास ठाऊक नाही असा कोणी हुशार भाष्यकार त्या डागात शून्याचा, विरहाचा, सुप्त स्त्रीतत्त्वाचा आदिबंध पाहील, आणि त्याचे भाष्य ऐकायला गोडही लागेल. वस्तुस्थिती अशी की हुसेनशहाच्या मृत्यूनंतर खुंजा हुमायून ही त्याची राणी अल्पवयी पुत्र मुर्तजाच्या नावाने कारभार पाहत होती. पुढे त्याच पुत्राने तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले, आणि चित्रांतून तिची आकृती नाहीशी होण्याचा संबंध अभ्यासक या घटनेशी जोडतात. डागाचे मूळ दरबारात होते. ते कळल्यावर त्या डागाकडे पाहताना मन जितके हलते तितके कोणत्याही अबोधाच्या सिद्धांताने हलत नाही, निदान माझे तरी नाही.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. जिल्ह्यातल्या ज्या ज्या शाळांतून मुले दर वर्षी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसतात, तेथल्या चित्रकलेच्या वर्गात दोहदाच्या या चित्राची एक चांगली, मोठी, रंगीत प्रत लावली जावी. नगरच्या संग्रहालयाने पुण्याच्या मंडळाशी पत्रव्यवहार करून या बाराही चित्रांच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन येथे, ज्या शहराच्या दरबाराशी ती निगडित आहेत त्या शहरात, भरवावे. आणि कृपा करून त्यांच्याखाली अर्थाचा कागद डकवू नये. चित्राचे नाव, साल आणि ते कोठे ठेवले आहे, एवढे लिहावे. बाकीचे मुलांना घरी जाऊन आजीला विचारू द्यावे.