घरचा हिशेब : ग्राफिक्स कार्डाची पारख

चाकणच्या बाजारपेठेत नट-बोल्ट आणि औजारांचा व्यापार करणाऱ्या घरात वार्षिक परीक्षा संपली की एक मागणी हमखास पुढे येते. मुलाला गेम खेळण्यासाठी संगणक हवा असतो. मालाची प्रत हातात घेताच ओळखणारे वडील ग्राफिक्स कार्डापुढे मात्र अडतात. या वस्तूचा भाव चार दुकानांत विचारून कळतो, पारख तशी कळत नाही. मग खोक्यावर ठळक छापलेला जीबीचा आकडा पाहून सौदा होतो आणि तेथेच फसगत होते.

हा आकडा कार्डाच्या मेमरीचा असतो, बळाचा नव्हे. गोदाम कितीही मोठे असले तरी दार अरुंद असेल तर माल वेळेवर बाहेर पडत नाही. एन्व्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ मेमरीसह आले. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड विक्रीस आले. दोन्हींवर २ जीबी लिहिलेले, पण दुसऱ्याचा माहिती वाहून नेण्याचा वेग पहिल्याच्या जेमतेम एक तृतीयांश. आरटीएक्स ३०५० चेही तसेच. जानेवारी २०२२ मधील ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटचा मार्ग होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटचा. एकाच छापाखाली दोन प्रतींचा माल विकणे व्यापाऱ्याला नवे नाही. येथे तो छाप वाचता आला पाहिजे, इतकेच.

तरीही हलकी प्रत टाकाऊ ठरत नाही. ६ जीबीचे ते कार्ड सुमारे ७० वॅट वीज घेते आणि मदरबोर्डाचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो. त्यामुळे दुकानातून निवृत्त झालेल्या जुन्या संगणकात, जेथे एसएमपीएस दुबळा असतो, ते बहुधा वेगळ्या वायरीशिवाय चालते. उलट, एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसते, पण ते चारच लेनवर काम करते. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या मदरबोर्डावर त्याची गती चांगलीच घटते. स्वस्त कार्ड जुन्याच यंत्रात जाणार, आणि तेथेच ते कमी पडणार, असा हा विचित्र योग आहे.

म्हणून पहिला प्रश्न मुलाला विचारावा : खेळणार काय? बुद्धिबळ किंवा साधे गेम खेळायचे असतील तर रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरते. कार्डाचा खर्चच वाचतो. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर नवे, भारी गेम खेळायचे असतील तर आरएक्स ६६०० सारखे ८ जीबीचे, १३२ वॅटचे कार्ड पाहावे. एसएमपीएसवर मात्र काटकसर नको. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावरील वॅटचा आकडा सहसा विश्वासार्ह नसतो.

वापरलेल्या मालाचा मोह इथेही असतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने कार्डांवरचे खाणकाम बंद केले आणि अहोरात्र राबलेली कार्डे जगभर जुन्या बाजारात उतरली. ती सगळीच वाईट नसतात. पंखे आणि थर्मल पेस्ट झिजलेली असू शकतात. समोर अर्धा तास गेम चालवून तापमान पाहावे. जीपीयू-झेड हे विनामूल्य सॉफ्टवेअर नाव बदललेली अनेक बनावट कार्डे ओळखते. मूळ बिल नसेल तर भाव त्या हिशेबाने पाडावा.

बिलाची गोष्ट याहून नाजूक आहे. पैसे देताना दुकानदार सहज विचारतो, "शेठ, जीएसटी नंबर देता का?" २०,००० रुपयांच्या कार्डावर १८ टक्क्यांनी ३,६०० रुपये कर होतो. पेढीच्या नावाने बिल घेतले की तेवढे क्रेडिट मिळेल, असा हिशेब मनात येतो. पण केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर क्रेडिट मिळत नाही. चुकीने घेऊन वापरलेले व्याजासह परत करावे लागते. पेढीच्या कामाला कार्ड लागते म्हणावे, तर टॅलीला त्याची गरजच नाही. ड्रॉइंगचे काम खरोखर त्याच संगणकावर होत असेल, तर तेवढ्याच भागाचे क्रेडिट घेता येते. हा सारा विचार काउंटरवर अर्ध्या मिनिटात करायचा असतो आणि मुलगा शेजारीच उभा असतो.

घरी आल्यावर कार्ड बसते, गेम सुरू होतो आणि अडखळत चालतो. वडील फसवणुकीच्या संशयाने बिल शोधू लागतात. तत्पूर्वी संगणकाच्या मागे एकदा पाहावे. पुष्कळदा मॉनिटरची केबल सवयीने मदरबोर्डाच्या जुन्या पोर्टमध्येच राहिलेली असते. ती काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लावायची असते.