अस्वल आणि रानपिंगळा

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडं अस्वल कोणाला सांगावं लागत नाही. रानपिंगळ्याचं नाव काढलं, की मात्र लोक म्हणतात, "पिंगळा ना? तो तर घरामागच्या चिंचेवरच बसतो." तो साधा पिंगळा. रानपिंगळा वेगळा, आणि दिवसाढवळ्या शिकार करणारा.

दोघेही धोक्यात आहेत, पण दोघांचं दुखणं वेगळं. अस्वलाची लोकांना भीती आहे. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञानं त्याच्या लांब नख्या बघून त्याला चक्क 'स्लॉथ' समजलं, म्हणून इंग्रजीत तो अजून 'स्लॉथ बेअर' आहे. पहाटे मोहाखाली त्याच्याशी गाठ पडलेला माणूस त्याला आळशी कधीच म्हणणार नाही! रानपिंगळ्याला तर कोणी ओळखतच नाही. १८८४ नंतर तो शास्त्रज्ञांना दिसला नाही, संपला असंच धरलं गेलं. ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. पुढं मेळघाटातही सापडला. मेळघाट आपल्याला काही फार लांब नाही.

मग आधी कोणाला वाचवायचं? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. अस्वल उन्हाळ्यात मोहाची गळलेली फुलं खातं. रानपिंगळा झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, आणि ढोली जुन्या झाडालाच असते. म्हणजे दोघांनाही म्हातारी झाडं हवीत. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवा लागतो आणि अशीच झाडं आतून जळतात.

मोह वेचू नका, असं मी म्हणणार नाही. कितीतरी घरांचा उन्हाळा त्यावर निघतो. पण पाला जाळण्याऐवजी झाडता येतो. मध्य प्रदेशात काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलतात, तेही करता येतं. अंधारात एकटं जाण्यापेक्षा उजाडल्यावर चार जणांनी मिळून, बोलत-आवाज करत गेलं, तर माणूस आणि अस्वल दोघांचाही जीव वाचेल. पोकळ झाड 'काय कामाचं' म्हणून तोडू नये.

आपण साहित्याची मंडळी. आपल्या हातात कुऱ्हाड नाही आणि सरकारी शिक्काही नाही, शब्द आहेत. या सुट्टीत गावी गेलात की आजीला, गुराख्याला विचारा, घुबडांना तुमच्याकडं काय काय म्हणतात, आणि ती नावं लिहून आणा. ज्याला नाव नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार?