रिपोर्ट हीसुद्धा अमानतच

घोटीहून नाशिकला जाऊन सीटी स्कॅन करायचा आणि मोबाइलवर आलेला अब्बांचा रिपोर्ट सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा, हे आता अनेक घरांत नेहमीचे झाले आहे. काळजीपोटीच आपण तो पाठवतो. पण त्यावर आजाराबरोबर नाव, वय आणि डॉक्टरांचे नावही असते.

फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीचा अहवाल गाजला. भारतातल्या रुग्णांचे एक्स-रे आणि स्कॅन पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे असल्याचे त्यात म्हटले होते. त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. इथल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांची नोंद होती.

बँकेचा पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख आणि आजार बदलता येत नाहीत. ही माहिती हाती असलेला भामटा फोनवर म्हणतो, "दवाखान्यातून बोलतोय, अब्बांच्या ऑपरेशनचा क्लेम अडकलाय, ओटीपी सांगा." आजाराचे नाव बरोबर निघाले की अम्मीचा विश्वास बसतो.

म्हणून रिपोर्ट फक्त डॉक्टरांना आणि जवळच्या एकदोघांनाच पाठवा. चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या. १४ अंकी आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. रेकॉर्ड पाहण्याची दिलेली संमती मागेही घेता येते. असा फोन आला तर तो ठेवा आणि दवाखान्याच्या कागदावरच्या नंबरवर स्वतः विचारा. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर कळवा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आजच समजावून सांगा.